वाचलेलं बघायला चला

(आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. बोललो तसेच ठेवले आहे. वेळेअभावी राहून गेलेले दोन-तीन मुद्दे मागाहून भरले आहेत.)



मला आज बोलायला उभे केले आहे ते मुलांच्या वाचनावर. आता माझे स्वतःचे शिक्षण किती, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होतो. वडील त्रासन खात्यात. तो संप मिटला असे कुणी कधी सांगितले नाही, माझी शाळा मात्र सुटली ती सुटलीच. पुढे मी बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो, साचे सांभाळले, रात्रशाळेत कधी शिकलो तर कधी बाकावर डोके टेकून झोपलो. २०२० च्या मार्चात टाळेबंदी आली, गिरणी बंद राहिली आणि नोकरीचे दिवस संपले. जे काही वाचले ते या विहाराच्या कपाटातले आणि तिसऱ्या पाळीला डब्याबरोबर नेलेले. तेव्हा मी शिक्षणतज्ज्ञ म्हणून बोलत नाही. रविवारच्या वर्गात पोरांबरोबर बसतो, तिथे काय चुकले आणि काय जमले, तेवढे सांगतो.

आपली मुले वाचत नाहीत अशी सगळीकडे ओरड आहे. मला ती पूर्ण पटत नाही. मोबाईल आहे, मान्य. पण वाचतातही. एका रविवारी सहावीतल्या एका मुलाला मी लेण्यांवरचा उतारा मोठ्याने वाचायला दिला. पोरगा असा धडाधड वाचत गेला की मी खूष. कुठे अडखळला नाही, जोडाक्षर चुकला नाही. वाचून झाल्यावर सहज विचारले, "बाळ, त्यात 'पोढी' असं आलंय, ती काय असते?" गप्प. "चैत्य म्हणजे काय?" गप्प. "बरं, लेणं बांधतात की कोरतात?" तर म्हणाला, "बांधतात. विटांनी." सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता आणि हसत कुणीच नव्हते, कारण कुणालाच ठाऊक नव्हते. पोढी म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत हाच शब्द आहे.

त्या मुलाची चूक नव्हती. त्याने वाचले होते, बघितले नव्हते. आपण दर रविवारी धम्मवंदना म्हणतो. तिच्यात 'एहिपस्सिको' हा शब्द येतो. 'या आणि पाहा' असा त्याचा अर्थ, हे आपल्याला भन्तेजींनी अनेकदा सांगितले आहे. तो अर्थ मी त्या दिवशी पुन्हा वर्गात सांगितला, तर मागून एक मुलगी म्हणाली, "काका, मग आपण कुठे बघायला जातो?"

झाले. सहल काढायची ठरली. कान्हेरी.

पहिल्या सहलीचे मी अगदी खरे सांगणार आहे, कारण स्मरणिकेत आपण नेहमी यशाचेच फोटो छापतो. चाळीस मुले, आम्ही मोठी माणसे चार. बोरिवलीला उतरलो, उद्यानाच्या बसने वर गेलो. मी आधी काहीच वाचून घेतले नव्हते. वाटले, लेणी समोर आहेत, बघतील ती. पोरे सुटली. कुणी माकडांच्या मागे, कुणी वेफरच्या पुड्या फोडून बसले, मोठ्या मुलांनी मोबाईलवर फोटो काढले. मी चैत्यगृहात उभा राहून भाषण केले की ही लेणी सम्राट अशोकाने कोरली. टाळ्या घेतल्या. परतताना बोरिवली स्टेशनच्या गर्दीत एक नऊ वर्षांचा मुलगा दिसेनासा झाला. पाऊण तास माझ्या पायाखाली जमीन नव्हती. शेवटी तो रेल्वे पोलिसांच्या चौकीत बाकड्यावर बसलेला सापडला, बिस्किट खात होता. त्याची आई मला चाळीत चारचौघांत बोलली आणि मी मान खाली घालून ऐकून घेतले. तिचे बरोबरच होते. पुढच्या रविवारी वर्गात विचारले, काय काय पाहिले? तर एका सुरात उत्तर आले, "माकडं!"

सहा महिने सहलीचे नाव कुणी काढले नाही. कमिटीतही बोलणी झाली की वर्गणीचा पैसा मौजमजेला कशाला. त्यापेक्षा जयंतीच्या साऊंडला तरी उपयोगी पडेल. मी तेव्हा उत्तर दिले नाही. आज देतो, पण थोडे थांबून.

हा विषय परत उघडला तो एका सातवीतल्या मुलीमुळे. तिने कपाटातून लेण्यांवरचे एक जुने पुस्तक नेले होते. पंधरा दिवसांनी परत आणून दिले आणि म्हणाली, "काका, तुम्ही चुकीचं सांगितलं. अशोक तर इसवी सनाच्या आधी तिसऱ्या शतकातला. कान्हेरीचं कोरीव काम त्याच्या बऱ्याच नंतर सुरू झालं आणि हजारेक वर्षं चाललं. मोठं चैत्यगृह सातवाहनांच्या काळातलं." मी पुस्तक घेतले, चष्मा लावला. पोरीचे बरोबर होते. चाळीस मुलांसमोर टाळ्या घेऊन मी चूक शिकवली होती. त्याच वर्गात कालामांना दिलेला भगवंतांचा उपदेश मी तीनदा सांगितला होता, की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून मानू नका. तो ऐकून एका मुलीने खरेच मानले नाही. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. वर्गात उभा राहून चूक कबूल केली आणि तिलाच विचारले, मग आता कसे जायचे ते तू सांग. ती म्हणाली, "आधी वाचून जाऊ."

एवढी साधी गोष्ट. पण ती मला पन्नाशीत एका बारा वर्षांच्या पोरीने शिकवली.

दुसऱ्या वेळी आम्ही पाच आठवडे तयारी केली. रोज नाही, फक्त रविवारी तासभर. कान्हेरीच्या शिलालेखांचे अर्थ पुस्तकांत दिलेले आहेत, ते थोडे थोडे वाचले. तिथे एक गंमत झाली. आपल्या मुलांच्या डोक्यात असे बसलेले असते की मोठे काम म्हणजे राजानेच केलेले. आणि शिलालेखांत निघाले कोण? कल्याणचा सोनार. त्याने पाण्याची पोढी दिली. सोपाऱ्याचा मणिकार, त्यानेही पोढी दिली. कल्याणचा एक लोहार, त्याने वाट करून दिली. व्यापारी आहेत, भिक्खू आहेत, भिक्खुणी आहेत. वर्गातल्या एका मुलाचे वडील ग्रिलचे काम करतात, लोखंड कापतात, जोडतात. त्याने दोनदा विचारले, "लोहार म्हणजे आपल्यासारखा लोहार?" हो बाबा, तसाच, भट्टीपुढे घाम गाळणारा. तो पोरगा घरी जाऊन वडिलांना घेऊनच आला. आजवर विहारात फक्त बुद्धपौर्णिमेला येणारा तो माणूस दुसऱ्या सहलीत आमच्याबरोबर होता आणि त्याने पाच मुले सांभाळली.

त्याच पाच आठवड्यांत ब्राह्मी लिपीची दहा-बारा अक्षरे शिकवली. अवघड नाही हो. 'क' म्हणजे अधिकचे चिन्ह. 'ठ' म्हणजे नुसता गोल. 'ग' म्हणजे छपराचा आकार. ही लिपी वाचण्याची किल्ली १८३७ साली जेम्स प्रिन्सेपला सापडली, त्याआधी कित्येक शतके ती कुणालाच वाचता येत नव्हती. आमच्या पोरांना ती इतकी आवडली की चाळीच्या व्हरांड्यात खडूने भिंती भरल्या. एका आजींनी भिंत खराब केली म्हणून आरडाओरडा केला. मग त्यांनाच त्यांचे नाव त्या अक्षरांत काढून दाखवले. आजींना देवनागरीत सही येत नाही, अंगठा उठवतात. ब्राह्मीतले स्वतःचे नाव मात्र त्यांनी पुसू दिले नाही.

या खेपेला मुले तीसच नेली, पाच मुलांमागे एक मोठे माणूस. प्रत्येकाजवळ वही-पेन्सिल आणि प्रत्येक गटाला एकच काम. एका गटाने पोढ्या मोजायच्या. एकाने भिक्खूंच्या निवासातले दगडी ओटे मोजायचे, वितीने आणि आपण झोपून बघायचे. एकाने फक्त अक्षरे शोधायची. चैत्यगृहाच्या पडवीत दोन्ही टोकांना उभ्या बुद्धमूर्ती आहेत, वीस फुटांहून उंच. त्यांच्यासमोर मुले स्वतःच गप्प झाली, मला सांगावे लागले नाही. आणि तेवढ्यात अक्षरांच्या गटातून आरोळी आली, "काका, 'क' सापडला!" एक अक्षर हो. पण ते त्या पोराने स्वतःच्या डोळ्यांनी वाचले होते. गाईडने सांगितले नव्हते, मास्तरांनी सांगितले नव्हते.

पोढीच्या गटाचे सांगतो, मग पुढे जातो. खडकावर बारीक पन्हळी कोरलेल्या आहेत. वरचे पावसाचे पाणी त्या पन्हळीतून पोढीत उतरावे अशी योजना. आमच्या चाळीत पहाटे पाणी येते आणि जाते. ड्रम भरायला कोण उठणार यावरून घराघरांत भांडणे होतात. त्यामुळे पाण्याचे गणित आमच्या मुलांना सांगावे लागत नाही. जानेवारी होता, पन्हळ कोरडी. एका मुलीने आपल्या बाटलीतले पाणी त्या पन्हळीत हळूच ओतले. पाणी थोडे पळाले आणि मातीत विरून गेले. पोढीपर्यंत पोचले नाही. तिने वहीत लिहिले, "पावसात बघायला पाहिजे." हे वाक्य ध्यानात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

आता सोपारा. अशोकाची चूक मी केली होती, तेव्हा खरा अशोक आपल्या जवळ कुठे आहे ते शोधणे आले. तो नालासोपाऱ्याला आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या बुरूड राजाचा कोट म्हणतात त्या टेकाडाचे उत्खनन केले आणि स्तूप उजेडात आला. आत दगडी पेटी, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, अगदी आतला सोन्याचा, आणि भोवती बुद्धांच्या आठ धातुमूर्ती. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यालाच मिळाला. नवव्याचा तुकडा पुढे १९५६ साली. १९५६ साल म्हटले की आपल्या अंगावर काटा येतो, ते सांगायला नको.

तो आठवा लेख कशाविषयी आहे? तर सहलीविषयी! मी गंमत करत नाही. अशोक त्यात सांगतो की पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रा काढायचे, शिकार वगैरे करायचे. त्या यात्रांना शब्द आहे 'विहारयात्रा'. आपण राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केल्या. त्या यात्रांत श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी, म्हाताऱ्यांच्या भेटी, खेड्यापाड्यांतल्या लोकांच्या भेटी, धम्माची चर्चा, प्रश्नोत्तरे. ज्यांना सहल म्हणजे चैन वाटते, त्या माझ्या कमिटीतल्या मित्रांना माझे हे उत्तर आहे. आमची पहिली सहल विहारयात्रा होती हे मी कबूल करतो. दुसरी धम्मयात्रा होती. खर्च दोन्हींचा सारखाच आला.

सोपाऱ्याला मात्र मी परत एक चूक केली. आधी थेट स्तूपावर नेले. तिथे काय आहे? विटांचे एक टेकाड, झाडे, कुंपण. मुले हिरमुसली. "एवढंच?" म्हणाली. मग पुढच्या महिन्यात फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. तिथे सोपाऱ्याचा शिलालेख ठेवलेला आहे. काळा खडबडीत दगड आणि त्यावर तीच अक्षरे, आमच्या व्हरांड्यातली. पोरांनी काचेला नाके लावली. परत येताना गाडीत त्यांनीच मागणी केली की आता पुन्हा सोपाऱ्याला जाऊ. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा टेकाड तेच होते, पण एक मुलगा विटेला हात लावून बराच वेळ उभा राहिला. आधी पुस्तक, मग वस्तू, मग जागा, असा क्रम मला त्या दिवशी कळला. प्रत्येक वेळी तोच चालेल असे नाही. पुढचे उदाहरण अगदी उलटे आहे.

बाबासाहेबांचे चरित्र आम्ही वर्गात वाचतो. खैरमोड्यांचे खंड मुलांना झेपत नाहीत, म्हणून मीच निवडून वाचून दाखवतो. १९२८ च्या गिरणी संपाचा भाग आला. बाबासाहेबांनी त्या वेळी प्रश्न उपस्थित केला होता की अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात का घेत नाहीत? तिथे पगार चांगला, म्हणजे चार पैसे जास्तीचे काम आपल्या माणसाला बंद. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी जातो. बाट लागतो. मी वाचले, मुलांनी ऐकले. पण चेहरे कोरे. त्यांना धोटाच माहीत नाही! गिरणगावात जन्मलेली पोरे, आजोबा गिरणीत, पणजोबा गिरणीत आणि धोटा माहीत नाही. त्यांचा तरी काय दोष? त्यांनी गिरणीच्या जागी टॉवर आणि मॉल बघितले.

सहल काढणार कुठे? गिरणी उरली नाही. मग मी भंगारवाल्यांकडे फिरलो. दोन महिने शोधून एक जुना लाकडी धोटा मिळाला, दोन्ही टोकांना लोखंडी सुळे असलेला. जुना साचेवाला गाठला. आमच्याच मागच्या चाळीतले म्हातारबुवा, संपाच्या आधीचे विणकर. ते वर्गात आले, हातात धोटा घेतला आणि त्यांचा हात आपोआप हलायला लागला. कांडी आत कशी बसवायची, धाग्याचे टोक आतल्या बाजूने भोकाशी कसे आणायचे आणि बाहेरून ओठ लावून श्वासाने कसे खेचायचे, हे त्यांनी करून दाखवले. कापसाचा बारीक तंतू छातीत जातो हेही सांगितले. त्यांना खोकला आहे, तो मुलांनी ऐकलाच.

मग मुलांची पाळी. धोटा धुऊन घेतला होता. पहिल्या मुलाने ओढला, दोन-तीनदा नुसती हवा आली, चौथ्यांदा धागा आला. त्याने शेजारच्या मुलीच्या हातात दिला. तिने "ई, उष्टा!" म्हणून फ्रॉकला पुसला आणि तोंडाला लावला. सगळे हसले. असा तो धोटा वर्गभर फिरला.

तो परत माझ्या हातात आला तेव्हा मी म्हणालो, बाळांनो, याच कारणासाठी विणकाम खाते आपल्याला बंद होते.

कुणी काही बोलेना. मग त्याच फ्रॉकला पुसणाऱ्या मुलीने विचारले, "काका, मग त्यांनी पुसून का नाही घेतला?"

बंधूंनो, भगिनींनो, जातिभेदावर मी इथे पुष्कळ भाषणे ऐकली आहेत, दोन-चार केलीही आहेत. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हातारबुवा खाली बघत बसले होते. ते आपल्या समाजाचे नाहीत. चाळीत आता आतापर्यंत ते आपल्याकडे पाणी पीत नसत, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आज त्यांचे नाव घेत नाही. त्या दिवशी उठता उठता त्यांनी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुसायचं सुचलं नाही पोरी, कुणालाच." आणि मग तिच्याकडे प्यायला पाणी मागितले.

पुढच्या आठवड्यात चरित्राचा तो भाग चार मुलांनी स्वतःहून घरी नेला. एकाने मला विचारले की त्रासन खात्यात आणि विणकाम खात्यात पगाराचा फरक किती होता, आणि तो पुस्तकात कुठे मिळेल. आम्ही अजून शोधतो आहोत. म्हणजे इथे वस्तू आधी आली आणि पुस्तक नंतर. कसेही का होईना, दोन्हींची गाठ पडली पाहिजे.

हे काही मी शोधून काढलेले नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, त्यात खेड्यातल्या शाळांना जोडून लहान नमुन्याची शेते असावीत आणि मुलांना प्रत्यक्ष शिकवावे असे लिहिले आहे. सोपाऱ्याचा स्तूप उघडला तेच साल. आणि आम्ही ज्या रविवारी जातो तो रविवार तरी कुणी दिला? नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० साली मिळवला. तो आपण टीव्हीसमोर घालवावा हे मला बरे वाटत नाही. असो.

लांब जायला पैसे नाहीत असे काही भगिनी म्हणतात. खरे आहे, सध्या पुष्कळ घरांत कामाचे वांधे आहेत. मग चालत जाऊ. परळच्या पोयबावडीला बी. आय. टी. चाळ आहे, बाबासाहेब तिथे दोन खोल्यांत कित्येक वर्षे राहिले. आम्ही गेलो होतो. तिथे लोक राहतात, म्हणून आवाज न करता व्हरांड्यातूनच पाहिले. आमच्या एका पोराने बाहेरूनच अंदाज घेतला आणि हळूच म्हणाला, "ही तर आपल्याच खोलीएवढी आहे." त्या पोराला घरात अभ्यासाला जागा नाही म्हणून तो परीक्षेला बसणार नव्हता. आता रात्री विहाराच्या अभ्यासिकेत बसतो. पास होईल की नाही ते मी सांगू शकत नाही, पण बसतो.

मुलींना पाठवायला अजून काही घरे तयार नसतात. त्यांना एवढेच विचारतो की वर सांगितलेले तिन्ही प्रश्न कुणी विचारले? कुठे बघायला जातो, अशोक कधीचा, आणि पुसून का नाही घेतला. तिन्ही मुलींनी. त्यांना घरी ठेवले असते तर माझी चूक आजही तशीच राहिली असती. बरोबर महिला मंडळाच्या दोन ताई हव्यात ही मागणी रास्त आहे. ताई मिळाल्या तर मुली येतील.

आता कामाचे बोलतो आणि थांबतो.

बाटलीतले पाणी मातीत विरले, ते आठवते ना? त्या मुलीला पावसात बघायचे आहे. पूर्वी भिक्खूसंघ वर्षावासात एका जागी मुक्काम करीत असे, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून वर्षावासाची माहिती आम्ही सध्या वाचतो आहोत, आणि आषाढी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी कान्हेरीला जाणार आहोत. पन्हळीतून पाणी खरेच पोढीत उतरते का ते बघायला. वर्गात पैजा लागल्या आहेत. पावसात खडक निसरडा होतो, धबधब्याकडे गर्दी असते. म्हणून या वेळी चार मुलांमागे एक मोठे माणूस पाहिजे, आणि आज माझ्याकडे फक्त पाच नावे आहेत. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याचे तिकीट नाही, उद्यानाचे प्रवेश तिकीट आणि बसचे भाडे तेवढे लागेल. ज्यांना जमणार नाही त्यांचे विहार भरेल, तसे कमिटीने कबूल केले आहे, त्याबद्दल अध्यक्षांचे आभार. सकाळी सहा वाजता विहाराच्या पायरीशी जमायचे. डबा घरचा, पुड्या नकोत. पायात पकड असलेली चप्पल किंवा बूट. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत.

लेण्यांवरचे ते पुस्तक फाटले आहे, त्याला पुठ्ठा घालायचा आहे. कुणाला बाइंडिंग येत असेल तर भेटा. धोटा कपाटात खालच्या फळीवर आहे, किल्ली माझ्याकडे. ज्यांना ओढून बघायचा असेल त्यांनी या. जय भीम!